नमुन्याबरहुकूम

आमच्या कारखान्यात मालकापेक्षा नमुन्याचा मान मोठा. मालक महिन्यातून एकदा दिसतो, नमुना रोज दिसतो. लाइनच्या डोक्यावर खिळ्याला एक शर्ट टांगलेला असतो. त्याच्या कॉलरला लाल फीत बांधलेली असते. त्याच्यासारखा होईल तो पीस पास, न होईल तो रिजेक्ट. काज सूतभर खाली गेलं, रिजेक्ट. टीप नमुन्यापेक्षा सुबक आली, तरीही रिजेक्ट. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला सांगितलं जातं, "बाई गं, तुझी अक्कल घरी ठेवून ये. इथे नमुन्याबरहुकूम शिवायचं."

हे सांगणारी मीच. मी या लाइनची चेकर. शर्ट तयार होऊन शेवटी माझ्या टेबलावर येतो, मी तो उलटापालटा करते आणि त्याचं नशीब ठरवते. मुली मला तोंडावर भिंगमावशी म्हणतात आणि पाठीमागे नुसतंच भिंग. सुटलेला टाका माझ्या नजरेतून सुटत नाही, म्हणून. म्हणजे सुटत नव्हता. हल्ली पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा आला की मला सगळं सांडलेल्या दुधासारखं दिसतं. मग मी बोटांनी चाचपून वेळ मारून नेते.

पण बोटं किती दिवस डोळ्यांची चाकरी करणार? सुपरवायझरला ते कळलंच. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून त्याचं नाव शिट्टी. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन तो हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही पास केलेला माल परत आलाय. चष्मा बदला. नाहीतर धागे कापायला बसावं लागेल."

धागे कापायचं टेबल कोपऱ्यात, जिन्याखाली. तिथे शिकाऊ मुली बसतात. मीही तिथूनच सुरुवात केली होती. तिथून उठून या खुर्चीपर्यंत यायला माझे केस पांढरे झाले आहेत. परत त्या जिन्याखाली जाणार नाही, एवढं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

चष्मा काही आभाळाला भिडलेल्या किमतीचा नव्हता. माझ्या पगारात सहज येत होता. अडचण एवढीच होती की माझा पगार माझा नव्हता.

पगाराच्या दिवशी आम्हाला पाकिटं मिळायची आणि फाटकाबाहेर माणसं मिळायची. एरवी बायको पावसात भिजत आली तरी छत्री घेऊन न येणारे नवरे त्या दिवशी कसे अगदी वेळेवर. कुणाचा सासरा, कुणाचा दीर, कुणाचा थोरला मुलगा. आमची पाकिटं फाटकाच्या आतून बाहेर एवढाच प्रवास आमच्याबरोबर करायची.

मला न्यायला माझा धाकटा भाऊ यायचा. नवरा गेल्यापासून मी भावाकडे राहते. खरं तर आई गेल्यावर त्याला मीच लहानाचा मोठा केला, तेव्हा तोच माझ्याकडे राहतो असंही म्हणता येईल. पण दारावर पाटी त्याची आहे. तो मालाचा टेम्पो चालवतो. व्यसन नाही, तोंडात शिवी नाही, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. नुसता हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "आण ताई." मी पाकीट द्यायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या भाड्यासाठी मी हात पुढे करायची.

चष्म्याचं काढलं की म्हणायचा, "पुढच्या महिन्यात नक्की." हा पुढचा महिना म्हणजे एक नंबरचा लबाड पाहुणा. येतो येतो म्हणतो आणि पायरी काही चढत नाही.

अशात एके दिवशी मॅनेजर साहेबांनी मशीनं थांबवून सांगितलं, की आता पाकिटं बंद. पगार थेट प्रत्येकीच्या फोनवर येणार. बँकेत जायला नको, रांग नको, साधा बटणांचा फोनसुद्धा चालेल. पैसे हवे असतील तेव्हा फाटकासमोरच्या किराणावाल्याकडे जायचं, फोनवर आपला गुप्त नंबर दाबायचा, तो रोख काढून देणार. नको असतील तर फोनमध्येच राहू द्यायचे.

राहू द्यायचे! पैसे माझ्याजवळ राहू शकतात हेच मला नवीन होतं. मी त्याच क्षणी मनातल्या मनात चष्म्याची काडी निवडली. तपकिरी.

आम्हाला शिकवायला पैशांच्या कंपनीची एक मुलगी आली. निळा कोट, पायात कडक बूट, आवाज गोड. तिने फळ्यावर फोनच्या बटणांचं चित्र काढलं आणि म्हणाली, "आता प्रत्येकीने आपला गुप्त नंबर ठरवायचा. उदाहरणार्थ, दोन, पाच, आठ, शून्य." आणि त्या चार बटणांवरून खडूने वरून खाली एक रेघ ओढली. मधोमध, सरळ, कुठेही न वाकता.

आम्ही सगळ्यांनी त्या रेघेकडे पाहिलं. काय सुरेख टीप होती!

"हा फक्त उदाहरणार्थ बरं का," मुलगी म्हणाली, "आणि तुमचा नंबर कुणालाही सांगू नका. नवऱ्यालासुद्धा नाही."

तेवढ्यात कुणाचा तरी फोन चालू होईना, म्हणून ती तिकडे गेली. इकडे आम्ही कामाला लागलो. दोन, पाच, आठ, शून्य. माझ्या टेबलाआधी काजाचं मशीन चालवते ती काजवाली, तिचं बोट पाचवरून सहाकडे घसरलं. मी तिचं मनगट धरून जागेवर आणलं. "नमुना बघ ना गं फळ्यावर," मी तिला दटावलं. मग सवयीने लाइनभर फिरून आले. एकीची चूक नव्हती. मुलगी परत आली आणि खूश झाली, "अरे वा, इतक्यात झालं सगळ्यांचं?"

झालं होतं. नमुन्याबरहुकूम.

त्यानंतर महिनाभर आम्ही ते गुपित जिवापाड जपलं. कॉलर शिवणारी कॉलरवाली तर झोपेत बोलते, म्हणून तोंडावर ओढणी बांधून झोपायची. शेजारी बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणींनीही एकमेकींना काही सांगितलं नाही. सगळ्यांच्या पोटात एकच गुपित आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पगाराच्या दिवशी दुपारी लाइनभर फोन टिणटिणले. मशीनच्या आवाजातही आम्हाला ते ऐकू आलं. काजवालीने फोन ओठांना लावला. तिने स्वतःसाठी चपला बघून ठेवल्या होत्या, आणि दुकानात जाऊन स्वतः पायात घालून बघणार होती. याआधी तिच्या चपला कायम तिच्या नवऱ्याने अंदाजाने आणलेल्या.

फाटकाबाहेर मंडळी उभी होतीच. मोकळ्या हातांनी, जरा बावरलेली. पाकीट नाही म्हटल्यावर मागायचं काय, हेच त्यांना कळेना. काजवालीचा नवरा मात्र बोलण्यात साखर. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मला काही नको गं. नुसतं बघू दे, कसा असतो तो नंबर. मला मेल्याला काय कळतंय त्यातलं!" लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं गोड तो पहिल्यांदाच बोलला असेल. ती विरघळली. तिने नंबर सांगितला, त्याने फोन घेतला आणि समोर जाऊन किराणावाल्याकडून रोख मोजून घेतली.

इथवर एका घरचं दुखणं होतं. पण त्याच्या दोस्ताने गंमत म्हणून तोच नंबर आपल्या बायकोच्या फोनवर दाबून पाहिला. उघडला. मग तिसऱ्याने दाबला. उघडला. मग काय विचारता! हा हा म्हणता दुकानापुढे रांग लागली. चोराला एकच किल्ली सापडावी आणि अख्ख्या गल्लीची कुलपं उघडावीत, तसं झालं. बायका फाटकाशी उभ्या राहून बघत राहिल्या. मी किराणावाल्याला विचारलं, "अरे, फोन बाईचा आणि पैसे घेतोय बाप्या, तुला काही वाटतं का?" तो म्हणाला, "मावशी, नंबर बरोबर तर पैसे तयार. मी काय लग्न लावून देतोय, चेहरे बघायला?"

त्या रांगेत माझा भाऊसुद्धा होता. फाटकाबाहेर पडताच "बघू ताई" म्हणत त्याने माझा फोन खिशात टाकला होता, आणि मीही बिनघोर दिला होता. नंबर त्याला कुठे ठाऊक होता! तो हसत हसत आला. "ताई, तुझापण तोच निघाला गं!" आणि त्याने माझ्या हातावर बसचं भाडं ठेवलं.

मला काय राग आला म्हणता! त्याचा आला, किराणावाल्याचा आला, पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला. पाकीट होतं तेव्हा निदान मी ते माझ्या हाताने देत होते. या वेळी तर मी मध्ये कुठेच नव्हते. आणि तपकिरी काडीचा चष्मा गेला पुन्हा त्या लबाड पाहुण्याच्या घरी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मशीनपेक्षा नाकं जास्त वाजत होती. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"फोनचा उपयोग काय झाला मग?" ते म्हणाले. "पैसे जायचे तिथेच गेले. वर माझ्या डोक्याला ताप. पुढच्या महिन्यापासून परत पाकिटं. विषय संपला."

साहेबांपुढे बोलायची आमच्यात पद्धतच नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र फाटक आलं, त्याबाहेरचा पुढे आलेला हात आला, आणि जिन्याखालचं ते टेबल आलं.

"नाही साहेब," मी म्हटलं.

शिट्टीने शिट्टी तोंडातून काढली. साहेबांनी भुवया वर केल्या.

"साहेब, एखाद्या दिवशी अख्खा लॉट रिजेक्ट निघाला तर तुम्ही कारखाना बंद करता का? उसवून परत शिवायला लावता. आम्हालाही एकदा उसवून शिवू द्या."

"आणि परत तसंच झालं तर?"

"तर पाकिटं. मी स्वतः येऊन वाटीन."

साहेबांना हसू आलं. तेवढ्यावरच आमचं निभावलं. "ठीक आहे. एक पगार देतो. त्या दिवशी एकीचीही तक्रार आली, की तिच्या मर्जीविरुद्ध पैसे काढले, तर पाकिटं. मग माझ्या दारात रडत यायचं नाही."

जाता जाता शिट्टी माझ्या कानाशी आला. "आणि मावशी, चष्मा?"

"पगार झाला की."

"नाही झाला तर मग जिना."

"बघशील," मी म्हटलं.

निळ्या कोटाच्या मुलीला परत बोलावलं. सगळी हकिकत ऐकून तिचा चेहरा पडला. "पण मी उदाहरणार्थ म्हटलं होतं ना!" ती रडकुंडीला आली.

"पोरी, आमच्याकडे उदाहरणार्थ म्हणून कुणी काही टांगत नाही," मी म्हटलं. "चूक तुझी नाही नि आमचीही नाही. आता जुना नंबर बदलायचा कसा, तेवढं सांग. आणि कृपा करून फळ्याला हात लावू नकोस."

तिने हात मागे बांधून, नुसतं तोंडाने, एकेक बटण सांगत शिकवलं. तीन वेळा चुकीचा नंबर पडला की दिवसभरासाठी कुलूप लागतं, आणि आपल्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर पैसे कसे पाठवायचे, हेही सांगितलं. गुणी पोरगी.

मग डब्याच्या सुट्टीत मी सगळ्यांना कापडाच्या गठ्ठ्यांमागे नेलं. म्हटलं, "आपापला नवा नंबर घाला." सगळ्या फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत बसल्या.

"काय झालं?"

"मावशी, आता नमुना कुठला?" काजवालीने विचारलं.

मी कपाळावर हात मारला. "नमुना नाही! नमुना नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

"तुम्हीच एक चांगलासा काढून द्या ना सगळ्यांना," कॉलरवाली म्हणाली. "तुमची नजर चांगली."

वर्षानुवर्षं मीच या मुलींना सांगितलं होतं, अक्कल घरी ठेवून या. आता ती आणा म्हटलं तर एका दिवसात कुठून येणार? पण राग गिळून मी बसले. म्हटलं, "हे बघा, बोटाला स्वतःची वाट शोधू द्या. आकडे येत नसतील तरी चालेल. कुठून निघायचं, कुठे वळायचं, एवढं बोटाला कळलं की झालं. मुलाचा वाढदिवस नको, तो त्याच्या बापालाही ठाऊक असतो. नसेल तरी आज विचारून घेईल. आणि माझ्याकडे बघू नका. भिंतीकडे तोंड करा."

सगळ्या भिंतीकडे वळल्या. कुणी गठ्ठ्यामागे गेली, कुणी पदराखाली फोन घेतला, एक तर सरळ रिकाम्या खोक्यात शिरली. लाइनवर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आणि मला काय झालं म्हणून सांगू! माझ्या हातांना नुसती खाज सुटली. उभा जन्म मी दुसऱ्याचं काम उलटून बघत आले. आता इतकी कामं एकदम होत होती आणि मला एकही बघायची नव्हती. काजवाली फोन घेऊन आलीच. "मावशी, बघा ना, पास आहे का?"

मी डोळे घट्ट मिटले. "ने तो इथून. तुझा तूच पास कर."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक पीस न बघता पुढे सोडला. पण बसमध्ये जीव काही थाऱ्यावर नव्हता. परत दोघींचा सारखा निघाला तर? या मुली एकमेकींच्या ताटात बघून जेवणाऱ्या. न बघता तपासायचं कसं? आडवी झाले तरी डोक्यात तेच. सकाळी बसच्या दांड्याला धरून उभी होते, शेजारच्या बाईची किल्ली पिशवीतून पडली, तेव्हा सुचलं. आपली किल्ली शेजाऱ्याच्या कुलपाला लावून बघायची! दुसऱ्याची किल्ली बघायचं कारणच काय?

डब्याच्या सुट्टीत मी फर्मान काढलं. "फोन शेजारणीला द्या. आपला नंबर तिच्या फोनवर टाका. एकदाच. न दाखवता. उघडला, तर दोघी रिजेक्ट."

फोन हातोहात फिरले. "नाही उघडला!" "माझाही नाही!" मुली आनंदाने ओरडायला लागल्या. आमच्या लाइनला न जुळल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला होता. फक्त कडेला बसलेल्या दोघी जावा गप्प होत्या. एकीचा दुसरीवर उघडला होता.

"अगं, तुझापण?" थोरली म्हणाली.

"तुमचापण, ताई?" धाकटी म्हणाली.

चौकशी केली, तेव्हा कळलं की तो सासूबाईंच्या कपाटाच्या कुलपाचा आकडा होता. तो थोरलीला ठाऊक आहे हे धाकटीला माहीत नव्हतं, धाकटीला ठाऊक आहे हे थोरलीला माहीत नव्हतं, आणि सासूबाईंना तर कशाचाच पत्ता नव्हता. आम्ही हसून हसून डबे सांडले. मग दोघींनी निरनिराळ्या भिंतींकडे तोंड करून नवे नंबर घातले.

पगारापर्यंत आम्ही रोज जागा बदलून बसलो आणि रोज नव्या शेजारणीच्या कुलपाला आपली किल्ली लावून पाहिली. माझीही लावली. कुणाला लागली नाही. माझा नंबर काय ते विचारू नका. शर्ट तपासताना माझा हात ज्या वाटेने फिरतो, ती वाट आहे एवढंच सांगते, आणि त्या वाटेला चार मुक्काम आहेत.

पगाराचा दिवस आला. फोन टिणटिणले, पण या वेळी कुणी हसलं नाही. आम्ही परीक्षेला निघाल्यासारख्या फाटकाकडे निघालो. साहेब मुद्दाम पायरीवर येऊन उभे होते, शिट्टी त्यांच्या मागे.

बाहेर मंडळी अगदी खुशीत होती. मागायची गरजच वाटत नव्हती त्यांना. फोन घेतले, दुकानापुढे रांग लावली. पहिल्याने दाबलं. दोन, पाच, आठ, शून्य. किराणावाल्याने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याने दाबलं. पुन्हा तेच. रांगेत कुजबुज झाली, मग कुरबुर, मग एकेक जण फोन परत आणून बायकोच्या हातात द्यायला लागला. काही जण चिडले, काही नुसते डोकं खाजवत उभे राहिले. एक म्हातारा सासरा तर सुनेला म्हणाला, "अगं, निदान मला भाजीपुरते तरी काढून दे." ती म्हणाली, "देते की, मामंजी. चला." आणि तिने स्वतः जाऊन काढून दिले.

काजवालीचा नवरा मात्र हटेना. त्याने तेच पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा कुलूप लागलं. तो रस्त्यात उभा राहून तिच्या नावाने शंख करायला लागला. ती धावत फाटकाच्या आत आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"झाली तक्रार!" शिट्टी म्हणाला.

साहेब पायरी उतरले. मी पुढे झाले. "साहेब, आधी तिला विचारा, पैसे गेले का."

"गेले का गं?"

काजवालीने पदराने नाक पुसलं. "नाही साहेब. आहेत. कुलूप लागलंय, उद्या उघडेल."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाही साहेब. हसतेय. मला हसताना पाणी येतं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर बोंबलणाऱ्या तिच्या नवऱ्याकडे. "कुलूप म्हणजे कुलूप," ते शिट्टीला म्हणाले, "पाकिटांचा गठ्ठा टाकून द्या." आणि आत निघून गेले. काजवालीला घरी काय काय ऐकावं लागणार, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तिच्याबरोबर कॉलरवाली गेली, आणि त्या दोघी जावाही. चौघींपुढे त्याचा आवाज आपोआप खाली येणार होता.

त्या दिवशी माझा भाऊ फाटकाशी नव्हता. टेम्पो कुठेतरी अडकला होता. म्हणजे माझी परीक्षा घरी होती.

मी हातपाय धुऊन बसले तेवढ्यात तो आला. भावजय चुलीशी होती. त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. "बघू ताई."

मी फोन दिला. त्याने न बघताच अंगठ्याने वरून खाली सरळ चार बटणं दाबली. थांबला. पुन्हा दाबली, या वेळी नीट बघून.

"ताई, तुझा फोन बिघडलाय."

"बिघडलेला होता. आता दुरुस्त झालाय. तिसऱ्यांदा दाबू नकोस, कुलूप लागेल. मला उद्या चष्मा आणायचाय."

त्याने फोनवरून मान वर केली. "म्हणजे नंबर बदललास तू? मला न सांगता?"

"हो."

"मी काय परका आहे? आता घरातल्या माणसापासून लपवायचं का?"

त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. मला वाईट वाटलं. याला मी भरवलं होतं, शाळेत सोडलं होतं, तापात याच्या उशाशी बसले होते. पण मी डोळे खाली घातले नाहीत.

"लपवत नाही रे. पगार किती आला, काय आणायचं, सगळं विचार, सगळं सांगते. फक्त आता मी तुला विचारत नाही, एवढंच."

चुलीवर ढवळण्याचा आवाज थांबला होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला, त्याच्याकडे पाठ केली, आणि बोटाला त्याच्या वाटेने जाऊ दिलं. निळ्या कोटाने शिकवलं होतं तसं एकेक बटण दाबत गेले. चुकू नये म्हणून श्वाससुद्धा धरून ठेवला.

त्याच्या खिशात टिणटिण वाजलं.

तो दचकला. फोन काढून वाचायला लागला. घरखर्चातला माझा वाटा होता तो, पुरेपूर, मोजूनमापून, एक पैसा कमी नाही. निरोपात पाठवणारी म्हणून माझं नाव होतं. तो ते नाव वाचत राहिला. इतकी वर्षं तो माझा पगार घेत होता, पण मी त्याला दिला असं कधी झालंच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं, आणि त्याच्याकडे बघून वाटलं, त्यालाही.

भावजयीने ताटं मांडली. आम्ही जेवायला बसलो. त्याने दोनदा फोन काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. हात धुताना म्हणाला, "ताई, उद्या चष्म्याच्या दुकानात सोबत येऊ?"

त्याचा आवाज पुन्हा लहानपणीसारखा झाला होता. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. फिरवलाही.

"नको," मी म्हटलं. "तेवढी वाट मला दिसते."